मिठाला पाणी सुटतं तेव्हा

सारूळच्या खाणीतून आणलेला काळा दगड
मी तीन दिवस कुटला,
चाळला, पुन्हा कुटला,
पिठासारखा झाला तरी
नुसरत मॅडम म्हणाल्या, "अजून बारीक, वाघचौरे.
तिथे वाऱ्याने कोट्यवधी वर्षं कुटलाय."
म्हटलं, वाऱ्याला पेन्शनची घाई नसेल.
माझी चौदा महिन्यांवर आली होती.

कॉलेजच्या मागच्या खोलीत, जिथे पूर्वी जनरेटर होता
आणि अजून डिझेलचा वास आहे,
काचेची एक हंडी, बादलीएवढी.
तिच्यात मंगळ.
पंप हवा ओढतो, काटा उतरत उतरत
साडेनऊशेवरून सहावर येतो,
मग कार्बन डायऑक्साइड, मग थंडी.
उणे साठ.
आमच्या निफाडला पारा चारवर गेला
की पेपरात फोटो येतो.

आत बशीभर सारूळचं पीठ,
पिठावर चिमूटभर मीठ. खायचं नव्हे,
परक्लोरेट. नाव जिभेवर बसायला मला आठवडा लागला.
हे मीठ तिथल्या मातीत आहे, असं यानांनी कळवलंय.
प्रश्न एवढाच:
त्या कोरड्या हवेतून रात्रीतून
ते एखादा थेंब ओढून घेतं का?

मॅडमचे वडील भद्रकालीत फळं विकतात.
एकदा डबा द्यायला आले, हंडीत डोकावले,
"एवढ्याशा मिठासाठी रात्रभर जागता?"
"हो, अब्बा."
पिशवीतून एक पेरू काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला
आणि गेले.

पहिल्या महिन्यात दोनदा वीज गेली.
पंप थांबला, वॉशरमधून बारीक शिट्टी वाजली
आणि अकरा मिनिटांत मंगळाचं नाशिक झालं.
मॅडम चिडल्या नाहीत. घड्याळ घेऊन बसल्या,
गळती मोजली, वहीत लिहिली.
नवा वॉशर मी द्वारकेजवळच्या दुकानातून आणला,
एकशे दहा रुपये, बिल जोडलंय.

जानेवारीची एकोणीस तारीख, पहाटेचे चार दहा.
मॅडम तापाने घरी.
कॅमेऱ्याच्या काचेवर दव धरलेलं.
मी भिंगाला डोळा लावून, अर्धा झोपेत,
आणि मिठाचा एक खडा
कडेने काळवंडला.
कोपरे गेले.
गोल झाला, आणि त्याच्या पोटात
खोलीतल्या दिव्याचा ठिपका हलला.

मला परक्लोरेट फारसं कळत नाही.
पण आषाढात आमच्या फळीवरच्या बरणीत
मिठाला पाणी सुटतं, ते जन्मभर पाहिलंय.
बायको त्यात तांदळाचे दाणे टाकते.
मी ओळखलं.
नऊ मिनिटं.
मग खडा परत पांढरा,
जसा काही बोललाच नव्हता.

"काटा?" फोनवर मॅडम.
"सहावर."
"थंडी?"
"उणे एक्कावन्न."
"फोटो?"
मी गप्प. त्याही गप्प.
पलीकडे गल्लीत कुणीतरी शटर वर ओढलं.

दुसऱ्या दिवशी वहीत त्यांनी पेन्सिलीने लिहिलं:
एकदा दिसलं. एकाला. डोळ्यांनी.
आणि खाली रेघ मारली, शाईची.
मग सतरा वेळा तसंच सगळं पुन्हा केलं.
सोळा कोरडे. एक संशयित.
लेखात तो संशयित आला, ती रात्र आली नाही.
बरोबरच आहे.
माझ्या डोळ्यांचा नंबर कुणी विचारला असता
तर तोही वाढलेलाच निघाला असता.

शेवटच्या पानावर आभारात एक ओळ आहे:
दगड कुटण्यासाठी, का. ना. वाघचौरे.
ते पान मी लॅमिनेट करून घेतलं,
मग लाज वाटून कपाटात ठेवलं.

हंडी आता तिसऱ्या मजल्यावर नेलीय म्हणतात,
इन्व्हर्टर मिळाला.
मी मखमलाबादला, घरी.
परवा बायको तांदळाची मूठ घेऊन
बरणीचं झाकण उघडत होती.
म्हटलं, थांब.
एवढ्यात टाकू नकोस.
चष्मा आणतो.